पांढरे डबे

त्या दिवशी कसबा बावड्यात धुकं असं दाटलं होतं, की समोरचा ऊस दिसंना. धुकं पडलं की आमच्या हिचा दमा उसळायचा, म्हणून हिचा पंप पिशवीत घालून दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा. माझं सगळं घरच खिळ्यांवर. पण आदल्या रविवारी सूनबाईनं खिळे उपटले, सगळं एकसारख्या पांढऱ्या डब्यांत भरलं आणि डब्यांवर नावं लिहून चिकटवली.

"आबा, आता शोधाशोध न्हाय. वाचायचं आन् उघडायचं," म्हणाली.

मी मान डोलावली. रोज सकाळी शेजारच्या मास्तरांचा पेपर आणून मी ओसरीवर बसायचो, ते ती बघायची की.

त्या धुक्याच्या दिवशी ती कामावर गेली आणि हिला धाप लागली. "पंप... पंप..." एवढंच बोलली. मी एक डबा उघडला, बटणं. दुसऱ्यात मेणबत्त्या. तिसऱ्यात सुतळी. अजून वीसेक डबे होते. तसाच दारात जाऊन ओरडलो, "मास्तर, पळा!"

मास्तर आले. "अवो, ह्यो काय समोरच! 'आईंचा पंप' लिहिलंय की ठळक."

हिनं दोनदा पंप ओढला, तेव्हा कुठं धाप बसली. मी भिंतीला टेकलो आणि आजवर सुनेलाही सांगितलं नव्हतं ते बोललो, "मास्तर, मला अक्षर वळखत न्हाय. ह्यो पंप तेवढा खिळ्यालाच टांगतो."

मास्तरांनी डबा खाली ठेवला. "आबा, मग रोज माझा पेपर नेऊन तासभर काय बघताय वो?"