टॉवेलाने धरलेली सीट

"कंडक्टरकाका, सीट कोणाची? आधी टॉवेल टाकणाऱ्याची, की आधी बसणाऱ्याची?"

मैत्रिणींनी पैजच लावली होती, म्हणून रत्नागिरी स्टँडवर मालगुंडच्या गाडीत चढताचढता मी विचारलंच! एसटीच्या गर्दीत मुलीचा निभाव लागत नाही, म्हणून दहावीनंतर माझं कॉलेज नको, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. कंडक्टर नुसते हसले. पण माझ्या पुढेच एका आजींनी दिवस भरत आलेल्या सुनेला एका सीटवर बसवलं होतं, आणि एक गृहस्थ तावातावाने येऊन उभे राहिले होते.

"आजी, सुनेला उठवा. माझा टॉवेल दिसला नाही?"

"दिसला की. घडी घालून ठेवलाय, ह्यो घ्या."

"मी खिडकीतून टाकून सीट धरली होती!"

"शीट म्हंजे बसायची जागा ना? मग टॉवेल कशाला बसवलात?"

"आई, ऱ्हाऊ दे. मी उभी ऱ्हाते."

"गप बस गो राही! निवळीचा घाट उभ्यानं काढशील?"

"अहो, रीत असते. सगळेच टाकतात."

"माझा पोरगा सदूपण टाकतो. पोटुशी बाई दिसली की उचलतो."

"म्हणजे मी मालगुंडपर्यंत उभा राहू?"

"मी हाय की उभी तुमच्या संगतीला. माझी तर साठी उलटली."

गृहस्थांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि दांडी धरली.

घरी पोचले. चपला काढायच्या आधीच ओसरीवरून मोठ्याने सांगितलं, "आई, बाबा, मी कॉलेजात जाणार. रत्नागिरीला, रोज एसटीनं!"