स्पीकरमधली खरखर

इंद्रजित : हां, आता ऐका ताई. नवं साउंड कार्ड, नवे स्पीकर. एकदम मक्खन.

राजेश्वरी : खरखर आहेच की.

इंद्रजित : थोडी राहणारच. गाणी ऐकताना कळत पण नाही.

राजेश्वरी : गाणी कोण ऐकतंय इथे? मला दिसत नाही, हे तिसऱ्या फेरीला तरी लक्षात ठेवा. मशीन अक्षर बोलतं, ते ऐकून मी टाइप करते. या खरखरीत बी कुठला आणि डी कुठला, काही कळत नाही.

हौसेराव : आरं इंद्रजित, उद्या अकराला बेलापूरच्या हापिसात हिची परीक्षा हाय. सायेब पत्र सांगनार, हिनं टाइप करायचं. सोताचं मशीन आना म्हनलेत. दोन वर्सं पोरगी या नोकरीसाठी झटतीया.

इंद्रजित : काका, मी काय मुद्दाम करतोय का? फ्लॉपीवरून ड्रायव्हर परत टाकला. माइक बंद केला. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवलं. आता तुमच्या लाइटीतच घाण असेल तर मी काय करू?

राजेश्वरी : आधी स्पीकर खराब, मग कार्ड खराब, आता लाइट खराब. वैताग आलाय मला.

हौसेराव : आगं, जरा दमानं घे.

राजेश्वरी : दमानं घेऊन उद्या नापास होऊ का आण्णा? थांबा. मघाशी हे टेबलाखाली शिरले तेव्हा खरखर गेली होती. एकदम साफ.

इंद्रजित : कधी?

राजेश्वरी : तुम्ही ‘च्यायला’ म्हणालात तेव्हा.

इंद्रजित : सॉरी काका. ते, माझ्या पायानं स्क्रीनची पिन निघाली होती. लगेच लावली परत.

राजेश्वरी : काढा ती.

इंद्रजित : अहो, स्क्रीन बंद होईल. काहीच दिसणार नाही.

राजेश्वरी : इंद्रजित.

इंद्रजित : हां. हां, काढतो.

(इंद्रजित पिन काढतो. राजेश्वरी एकेक कळ दाबते. स्पीकर एकेक अक्षर बोलतो.)

राजेश्वरी : बी. डी. पी. गेली बाई खरखर एकदाची.

हौसेराव : मलाबी येगळं येगळं ऐकू येतंय की गं.

इंद्रजित : स्क्रीनमुळेच होती. तीन चकरा मारल्या, पण स्क्रीन बंद करून बघावी हे डोक्यातच आलं नाही माझ्या. स्पीकरच्या तारा स्क्रीनपासून जरा लांब करून देऊ का, म्हणजे स्क्रीन पण चालेल?

राजेश्वरी : आता कशालाही हात लावू नका. स्क्रीन उद्या न्यायचीच नाही.

हौसेराव : आन् सायबाला काय दिसनार? मोकळं टेबल बघून म्हनंल, हिला काय येतच न्हाई.

राजेश्वरी : त्यांच्याकडे प्रिंटर आहे. पत्र झालं की छापून हातात देईन.

हौसेराव : आन् तवर?

राजेश्वरी : तोवर त्यांनी माझ्यासारखं ऐकत बसावं.