गादीतलं कच्चं काम

नाई काका, गादी झाली नाई असं नाई. झाली होती. काल सांजेलेच झाली होती, टाके मारून, खोळ शिवून, त्या भिंतीले उभी करून ठेवली होती. आता सकाळी-सकाळी तिचं पोट काहून फाडलं, तेच तं सांगून राह्यलो — बसा ना, स्टुलावर बसा. पन पहिलेच माफी मागतो, मले नीट बोलता येत नाई. सातवीतून सुटलेला मानूस मी. शब्द साधे, अन् लिवाले बसलो तं ऱ्हस्व-दीर्घ एकमेकाच्या जागी जाऊन बसते. तुमाले फक्त गादी पाह्यजे, गिरजाकाकूची कंबर दुखते, समजते मले. पन या गादीची गोष्ट पोरीपासून सुरू करा लागते. हो, पोरगीच. हसा, हसा — अम्मी बी हसते.

शिरपूरच्या सैफुद्दीन चाचाची मंतशा. रिश्त्याची बात चालू हाय. आमी त्यांच्या घरी गेलो तवा चाचानं इचारलं, बेटा, काम काय करता — मी म्हनलं, गाद्या. शिकले किती — सातवी. अन् पोरगी पसंत हाय का? — त्याले मी नुसती मुंडी हलवली. घरी येऊन अम्मी म्हने, अरे इमाद, मी रिश्ता पाहाले पोरगा नेला होता, नंदीबैल नाई. चाचा मानूस चांगला पन. म्हने, पोरगी शिकून राह्यली, तिचं तीच ठरवते. आठ-पंधरा दिवस बोला फोनवर, मंग मले एक जवाब द्या.

आता मी काय बोलू तिच्याशी? ती रोज शिरपूरहून बसनं इथं आपल्या रिसोडात कालेजात येते, बीएस्सी दुसऱ्या वर्षाले, गनित घेऊन — गनित, काका. ज्याच्या तासाले मी पोट दुखते म्हनून घरी पळत होतो, अन् पळता-पळता शाळाच सुटली, ते. मी लिवलं, काय करून राह्यली? तिनं होमवर्कचा फोटो पाठवला. लाल पेननं दहापैकी दोन. मी मनात म्हनलं, चला, आपल्याच लायनीतली हाय. कायची आपल्या लायनीतली — उत्तर तं बरोबर होतं तिचं. पन त्यांचे सर म्हनतात, उत्तर पुस्तकाच्या मांगं छापेलच असते, त्याचे दोन. बाकीचे आठ, तू तिथवर कशी गेली त्याचे. एक-एक पायरी दाखव. आमच्या धंद्यात उलटं हाय ना — आत काय भरलं कोन पाह्यते? तुमीच येता, वरून थापट मारता, टाके सरळ दिसले की झालो मी पास.

मंग एक दिवस तिनंच सवाल टाकला. ‘मी तुम्हाला का पसंत आहे? मार्क दहा.’ मी लिवलं, हो, पसंत हाय. पाच मिंटात निकाल — ‘दोन. उत्तर बरोबर. पायऱ्या कुठे?’

झालं. गेलो दानिशकडं, कालेजसमोर झेरॉक्सचं दुकान हाय ना त्याचं, त्याची बी मंगनी झाली, दुआ नावाच्या पोरीशी. तो म्हने, एवढंच? हे घे, मी दुआले पाठवलं होतं, लय खुश झाली होती. अन् मी शहान्यानं जसंच्या तसं उतरवून पाठवलं — ‘त्या दिवशी हिरव्या ओढनीत तू चांद दिसत होती’. काका, मंतशानं त्या दिवशी हिरवी ओढनी घातलीच नव्हती. घातली असन दुआनं. अन् दुआ बसते कुठं? मंतशाच्याच बाकावर. नक्कल पकडाले सरची गरजच नाई पडली. जवाब आला — ‘शून्य. आमच्या सरांचा नियम आहे, घेणाऱ्यालाही शून्य अन् देणाऱ्यालाही. दुआला सांगितलं आहे.’ तवापासून दानिश मले पाहून शटर अर्धं खाली घेते.

मी म्हनलं, सुटलं सारं, शाळेसारखं. दोन दिवस फोनकडं पाह्यलं नाई. काल दुपारी तिचाच मेसेज — ‘अब्बा उद्या उत्तर मागत आहेत. सर उशिराचं होमवर्क घेतात, अर्धे मार्क कापून, पण तास सुरू व्हायच्या आत. माझी बस साडेनऊला. अन् अडकलात तर अडकलात तिथपर्यंतचं लिहा, तिथपर्यंतचे मार्क मिळतात.’

तर काल सांजेले बसलो लिवाले. समोर तुमची गादी, खोळीचं तोंड उघडं, कापूस पिंजून भरून ठेवलेला. एक ओळ लिवली, खोडली. ‘तू’ खोडून ‘तुमी’ केलं, ‘तुमी’ खोडून ‘तू’. कागद चुरगाळला. आता टाकू कुठं? अम्मी दुकान झाडते, कागदाचा कपटा सोडत नाई, अन् सोडला तं बाहेर जाऊन साऱ्या गल्लीले वाचून दाखवते. मंग तुमच्या कापसात कोंबला. मंग दुसरा. मंग तिसरा. म्हनलं, आत कोन पाह्यते — अन् दाभन घेऊन शिवून टाकली. मंग पक्कं लिवलं, झ्याक, एक खोडाखोड नाई. पाठवलं.

सकाळी पाह्यतो तं — ‘हे फार साफ आहे. या वेळी कोणी लिहून दिलं? कच्चं काम दाखवा. कच्चं काम नसलं तर सर उत्तर ग्राह्य धरत नाहीत.’

मंग काय करता. घेतली कैची. माह्याच हातचे टाके, काका, असे पक्के मारले होते की कापता-कापता माह्यालेच शिव्या दिल्या. अन् खरं सांगू का, पक्क्यात जे नव्हतं ते त्या कागदाच्या गोळ्यांतच होतं. आमी शिरपूरले गेलो तवा अम्मीनं माह्या हातची एक उशी नेली होती. साऱ्यांनी वरून थापटली, छान हाय म्हनले. तिनं उलटी केली अन् खालची शिवन पाह्यली. बोटानं. बस, तेवढंच. पन आजवर माह्या कामाची खालची बाजू कोनी पाह्यली नव्हती. हे मी तीनदा लिवलं अन् तीनदा खोडलं, म्हनलं, हे का सांगाची गोष्ट हाय?

सापडले तेवढे सरळ केले, खोडलेल्यासकट फोटो काढले, पाठवले. एकच गोळा राह्यला. म्हनून हा सारा कापूस बाहेर हाय. नाई सापडला तं नाई सापडला, बरंच झालं, त्याच्यात काही नव्हतंच —

तुमच्या हातात काय हाय, काका?

मघापासून कापूस इचकून राह्यले तुमी, मले वाटलं सरकी काढता. नका वाचू. काका, नका ना. … हो, तोच. ‘तू बीएस्सी होशील, अन् मी गाद्याच भरत राहीन, तवा तू’ — पुढं काही नाई. उलटून पाह्यलं तरी नाई. तिथंच अडकलो.

द्या इकडं. असा धरा, उजेडात. सुरकुती सपाट करा जराशी. बोट काढा, अक्षरावर येऊन राह्यलं.

… गेला फोटो.

आता जा तुमी, काका. काकूले म्हना, गादी सांजेले पोचवतो. जा ना — साडेनऊची बस शिरपूरहून निघाली असन, ती बसमधी वाचत असन.