उजव्या बाजूची सीट

माहेर माहं खाप्याचं, कन्हान नदीच्या काठचं, अन् सासर कन्हान गावचं, तीच नदी वाहत वाहत खाली येते तिथलं, म्हणून माह्या आजीनं लग्नात सगळ्यायले सांगितलं होतं का रडू नका, पोरगी काही दूर नाई चालली, पाणी जाते तिकडंच चालली. शेवंता नाव माहं. पण आता इथं नागपुरात, इंदोऱ्यात, तुमी शेवंताबाईचं घर विचारलं त कोणी सांगणार नाई, मोठ्या गाडीचं घर विचारा, पानठेल्यावरचा माणूस दुकान सोडून दारापर्यंत आणून देईन. आता बसा इथं, या गोणीवर बसा, ते टायर आहे तिकडं नको, काळं लागते.

गाडीची गोष्ट सांगायची त सासऱ्यापासून सांगा लागते. माह्या सासऱ्यानं छपन साली नागपुरात दीक्षा घेतली, कन्हानवरून पायी गेले अन् पायीच आले, अन् नोकरी होती मँगनीजच्या खाणीत, वर्कशॉपवर, साहेब लोकायच्या गाड्या धुवाची. त्या खाणीत मशीन बसवाले अमेरिकेचा एक इंजिनियर आला होता, त्यानं आपल्या देशातून ही गाडी जहाजात टाकून आणली, काय सांगू तुमाले, एवढी लांब गाडी, मागं दोन पंख फुटलेले, रंग कच्च्या कैरीसारखा, अन् काम झाल्यावर तो गेला त गाडी इथंच सोडून गेला. मंग मोठा साहेब वापरे. सासऱ्यानं तिले अकरा वर्षं धुतलं. बंपर राखेनं घासून असा चमकवत का साहेब त्यात तोंड पाहून टाय नीट करे. पण अकरा वर्षांत आत बसले नाई कधी. कोणी बसू नको म्हटलं नव्हतं, ते सोताच सांगत, पण बस असंबी कोणी म्हटलं नाई.

मंग गाडी बिघडली, सामान भेटे ना, साहेब बदलून गेला, अन् ती वर्कशॉपच्या मागं लिंबाखाली उभी राहिली. चार-पाच पावसाळे गेले तिच्यावर. कोंबड्या अंडी देत मागच्या सीटवर. आमचे हे तवा त्याच वर्कशॉपात फिटर लागले होते, प्रमोदचे बाबा, प्रमोद म्हणजे माहा पोरगा, तो तवा पोटात होता. भंगाराचा लिलाव निघाला, लोकायनं पाइप घेतले, पत्रे घेतले, अन् यायनं ती गाडी घेतली. बैलगाडीले बांधून घरी आणली. सासूनं अंगणात डोकं धरलं, म्हणे घरात पाळणा नाई अन् हा भंगार घेऊन आला. मीबी तेच म्हटलं, सासूपेक्षा दोन शब्द जास्तच म्हटले. हे काहीच बोलले नाई. बोलतच नाईत हे. पूर्ण दिवसात दहा शब्द बोलले त मी समजते का आज तब्येत चांगली आहे.

तीन वर्षं लागली. अमेरिकेचं सामान इथं कुठं भेटते, मंग ब्रेकचे रबर जीपचे बसवले, इंजिनातल्या रिंगा ट्रकच्या घासून बसवल्या, पंख्याचा पट्टा पिठाच्या गिरणीचा. समोरची इंग्रजी अक्षरं अर्धी गळून पडली होती, ती तशीच राहिली. अर्धी गाडी अमेरिकेची राहिली अन् अर्धी कामठी रोडची झाली.

ज्या दिवशी चालू झाली त्या दिवशी ठरलं का पहिले खाप्याले जायचं, माह्या माहेरी, अन् सासऱ्याले घेऊन जायचं. गाडी वर्कशॉपच्या गेटसमोर उभी केली यायनं, मुद्दामच तिथं केली. सासऱ्यानं दार उघडलं, मागच्या सीटवरून हात फिरवला अन् बसले. हात मांडीवर घेऊन बसले, पाठ टेकवली नाई. आमी निघालो. थोडं पुढं गेलो त आतमधल्या काट्यानं एकशे ऐंशी दाखवलं, इंजिनच्या गरमीचा काटा, अन् यायले माहीत का पाणी शंभरावर उकळते, मंग एकशे ऐंशी म्हणजे आता पेटते का काय. थांबवली गाडी झाडाखाली. सगळे उतरले. पाहतो त सासरे अनवाणी. चपला कुठं, विचारलं, त ते मागं रस्त्याकडं पाहाले लागले. मंग ध्यानात आलं का घरात जाताना जशा उंबऱ्याबाहेर काढतो तशा त्यायनं चपला गेटसमोर रस्त्यावर काढून ठेवल्या होत्या, गाडीत पाय ठेवाच्या आधी. हे म्हणाले वापस जातो, घेऊन येतो. सासरे म्हणाले, राहू दे गा. असू दे तिथंच. कोणी विचारलं त कळन का मी गाडीत बसून गेलो.

खाप्याले पोहोचाले आमाले उन्हं कलली, कारण का दर झाडाखाली थांबून बॉनेट उघडत होतो अन् मी पदरानं वारा घालत होती. तिथं माहा चुलतभाऊ मास्तर, त्यानं काटा पाहिला अन् हसून हसून खाटेवर बसला, म्हणे भाऊजी, त्यायच्या देशात गरमी मोजाची रीत वेगळी आहे, पाणी दोनशे बारावर उकळते. येताना आमी कुठंच नाई थांबलो. सासरे माह्या भावाच्या चपला घालून आले, अन् पाठ टेकवून बसले.

खर्च विचारता तुमी. आता काय काय सांगू. पेट्रोल म्हशीनं पाणी प्यावं तसं पिते. पासिंगले नेली का दरवेळी तिथले लोक फोटो काढतात अन् मंग एखादी खोट काढतात. अन् जागा. नागपुरात हे घर घेतलं तवा समोरची खोली सतरा फुटाची होती अन् मागची दहा फुटाची. समोरची भिंत फोडून फाटक लावलं. तवापासून गाडी सतरा फुटात राहते अन् आमी दहा फुटात, मी, हे, पोरगा, सून, अन् माळ्यावर गाद्या. पाहुणे आले त गाडीतच चहा देतो, बसाले जागाच तेवढी. मी चाळीस वर्षं म्हणत आली का माहं लग्न या गाडीसोबत झालं असतं त मले मोठी खोली भेटली असती.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचं समजन. त्या देशात गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं चालतात, म्हणून हिचं स्टेअरिंग डाव्या हाताले आहे. यायनं मागं पाटीबी लिहून लावली आहे. म्हणजे आपल्या रस्त्यावर चालवणारा बसते नालीच्या बाजूले. पुढं चालणारा ट्रक ओलांडाचा असला त त्याले पलीकडचं काहीच दिसत नाई. दिसते उजवीकडं जो बसला त्याले. अन् उजवीकडं बसत होती मी. हे विचारत, जाऊ? मी पाहून म्हणे, जा. नाईतर म्हणे, थांबा. गाडी मले कधी चालवता आली नाई, पण माह्याशिवाय तिनं कोणाची बैलगाडीबी ओलांडली नाई.

एक वेळा आमी भिवापूरले मिरच्या आणाले जाऊन राहिलो होतो, वर्षाच्या तिखटाले मले भिवापूरचीच लागते, अन् मी रागात होती, कारण शिलाई मशीनसाठी ठेवलेले पैसे यायनं कार्बोरेटरले घातले होते. मी ठरवलं का आज एक शब्द बोलत नाई. समोर आला कापसाचा ट्रक, असा फुगलेला, रस्ताभर. यायनं विचारलं, जाऊ? मी चूप. थोड्या वेळानं अजून, जाऊ? मी खिडकीबाहेर. त्यायनंबी मंग काही म्हटलं नाई, पण ट्रकबी ओलांडला नाई. उमरेडपर्यंत, बाप्पा, उमरेडपर्यंत आमी त्या ट्रकच्या मागं बैलाच्या चालीनं, कापूस उडून उडून माह्या केसात. शेवटी मलेच हसू आलं. मी म्हटलं, जा. तेबी हसले. शिलाई मशीन पुढच्या दिवाळीले आली.

दोन वर्षांआधी यायच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, उजवाबी कमजोर, डॉक्टरनं गाडी बंद केली. गाडी फाटकात उभी राहिली अन् हे तिच्यासमोर खुर्ची टाकून. मंग प्रमोदनं इंटरनेटवर फोटो टाकला, अन् पुण्याचे एक साहेब आले. जुन्या गाड्यायचा शौक, माणूस सभ्य, पेढे घेऊन आले, गाडीखाली सोता झोपून पाहिलं. भाव असा सांगितला का प्रमोद उठून पाणी पेऊन आला. अन् हे एका शब्दात हो म्हणाले. साहेब गेल्यावर मले म्हणे, खोली तुही होईन आता. चाळीस वर्षं मागून राहिली तू.

आता मी काय बोलू, सांगा. माहंच बोलणं माह्या समोर आलं. रोज जिले शिव्या दिल्या तिले विकू नका म्हणाले तोंड कोणतं आणू. अन् ते माह्यासाठी विकून राहिले होते. आमचं घरातलं बोलणं म्हणजे जेवलीस का, झालं. बाकी जे काही बोललो ते त्या दोन सीटवरच बोललो. ते कोणाले सांगता येते का. मी कपाटातले कपडे नव्या खोलीसाठी काढून ठेवले.

चार दिवसानं साहेब चालवून पाहाले आले. ते स्टेअरिंगवर बसले, प्रमोद अन् हे मागं, हे पयल्यांदा मागं बसले, अन् मी, सवयीनं, जाऊन आपल्या उजव्या सीटवर बसली. कोणी उठ म्हटलं नाई. कामठीच्या पुढं एक कोळशाचा ट्रक लागला. साहेबानं विचारलं नाई. नाक बाहेर काढलं गाडीचं. मी म्हटलं, थांबा. अशी जोरात म्हटली का त्यायचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, अन् उजवीकडून बस अशी गेली का आरशाले वारा लागला. साहेब घामाघूम. गाडी कडेले घेतली, रुमालानं तोंड पुसलं, अन् मले म्हणाले, आजी, तुमचे उपकार झाले. पण काळजी करू नका, पुण्याला नेली की आधी स्टेअरिंग उजवीकडे करून घेतो, माझा माणूस आहे त्यातला. मग शेजारी कोणी बसायची गरजच नाही.

मी सीटवर हात ठेवून बसली होती. मागून यायचा आवाज आला.

मंग ही कुठं बसन?

साहेब हसले, म्हणाले, काका, त्या कशाला बसतील, त्या तर इथेच असणार. हे म्हणाले, बरोबर आहे. मंग गाडीबी इथंच राहीन. प्रमोद, साहेबाले घरी चहा पाजून स्टेशनवर सोडून दे.

साहेबानं भाव वाढवला, त्यायचं काही चुकलं नव्हतं. यायनं हात जोडले, जयभीम म्हणाले, संपलं. घरी आल्यावर मी विचारलं, काहून नाई म्हटलं वो तुमी, खोली देत होते ना मले. त म्हणे, तू काहून म्हटलं नाई का विकू नका? मी म्हटलं, मी कशी म्हणू. म्हणे, विचाराले पाह्यजे होतं मी. रस्त्यावर एवढे वेळा विचारलं, घरी नाई विचारलं.

प्रमोद आठ दिवस रुसला. त्याचंबी खरं होतं, बाबा चालवू शकत नाईत, विकू देत नाईत, मंग पूजा करायची का तिची. तवा माही सून सुजाता, भाकरीचं पीठ हाताले लागलेलं, दारात येऊन म्हणाली, बाबा, मले शिकवा. स्कुटीशिवाय काही चालवलं नव्हतं पोरीनं. यायनं तिले कामठीच्या मैदानावर शिकवलं, मागच्या सीटवरून, फक्त आवाज ऐकून, गेर कवा बदलायचा ते इंजिनच्या आवाजावरून सांगत. मैदानाच्या कठड्याले दोन वेळा घासली, अन् हे एक शब्द बोलले नाई. मले अजूनबी त्याचा हेवा वाटते, मी नवीन नवरी असताना चहाची बशी फुटली तवा बोलले होते.

परवा खाप्याले गेलो होतो. हे मागं बसतात आता, आपल्या बापाच्या जागी, पाठ टेकवून. ट्रक समोर आला का सुजाता विचारते, आई, जाऊ? मी म्हणते, जा. अन् मागं वळून पाहिलं त यायचा उजवा पाय चटईवर हळूच दाबल्या जाते, दिसत काही नाई त्यायले, पण गाडी ओलांडते तवा ते बरोबर दाबतात. आमची खोली दहाच फुटाची आहे. पुरते. सगळ्यायले पुरन तेवढी आहे.

आता सुजाता आलीच आहे ड्युटीवरून, चला तुमालेबी एक चक्कर मारून आणतो. मागं बसा तुमी यायच्याजवळ, उजवीकडची सीट माही आहे. अन् चपला आत घ्या आठवणीनं.