डब्यातलं पाणी

माझा जन्म स्वातंत्र्यानंतरचा, मंडईमागच्या गल्लीतला. अब्बा पत्र्याच्या ट्रंका करायचे, लग्नसराईत घरात झोपायला जागा नसायची, जिकडेतिकडे ट्रंकाच. तिथंच माझा हात बसला. पुढे वेल्डिंग शिकलो आणि संशोधनाच्या एका वर्कशॉपात लागलो, कुठल्या ते सांगणार नाही, पेन्शन त्यांचीच खातो.

काम काय, तर पाण्यात स्फोट झाला की पाण्यातल्या लोखंडाचं काय होतं ते बघायचं. काय सांगू तुम्हाला ताई, लोकांना वाटतं पाण्यात कसला आलाय जोर. अहो, हवा दबते, पाणी दबत नाही, सगळा दणका थेट लोखंडावर, आणि तोही एकदा नाही, स्फोटाच्या वायूचा बुडबुडा फुगतो, परत आवळतो आणि दुसरा दणका देतो. जाडजूड प्लेट परातीसारखी खोल होऊन वर यायची.

मी पोलादाचा बंद डबा करायचो, एका बाजूला तपासायची प्लेट. आत हवाच पाहिजे, कारण पाणबुडीत हवा असते, माणसं असतात. आत पाणी शिरलं तर ते प्लेटला मागून टेकू देतं, मग ती कशाला फाटतेय. पण बंद डबा जोडताना तापलेल्या हवेला वाट म्हणून दोन बारीक भोकं ठेवायची आणि शेवटी बुजवायची, ही आमची पद्धत.

नव्या पोलादाची चाचणी होती, दिल्लीहून मोठे लोक येणार होते. साहेबांचं सकाळपासून एकच, गफूरभाई आवरा, आणि वर डब्याला पांढरा रंग मारा, पाहुण्यांना गंजका डबा दाखवायचा का. मारला रंग. भोकांवर रंगाचा पापुद्रा बसला आणि मला वाटलं, बुजवलीत. चूक माझी, शंभर टक्के माझी, लिहा तसं.

डबा तलावात सोडला, पाहुणे दोन तास उशिरा आले, मग स्फोट झाला. प्लेटला जेमतेम पोचा. टाळ्या, पेढे, हार. क्रेननं डबा उचलला तर भोकांवरचा रंग सुटलेला आणि दोन्हीतून पाण्याच्या धारा! मी साहेबांना बाजूला घेतलं, म्हटलं, डबा भरलेला होता, ही चाचणी धरू नका. ते म्हणाले, पेढा घ्या गफूरभाई. म्हटलं, पेढा नको, आत माणसं बसणार आहेत. तर म्हणतात कसे, आपण वेल्डर आहात ना, मग वेल्डिंग करा. अंगाची लाही लाही झाली. माणसं बुडाली तर काय पेढे वाटणार होते?

मी अर्ज केला, बायकोनं चांगल्या अक्षरात लिहून दिला. उत्तर नाही. दुसरा केला, तोही गडप. तेव्हा मोठ्या साहेबांच्या दारात जाऊन उभा राहिलो, शिपाई म्हणाला, साहेब जेवतायत, म्हटलं, जेवू दे, मी हलत नाही. त्यांनी ऐकलं, आणि चाचणी परत झाली. या वेळी भोकं बुजवून साबणाचं पाणी लावून तपासली, एक बुडबुडा येईना. प्लेट मधोमध फाटली ताई, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझा जोड जसाच्या तसा.

पोलाद परत गेलं. मला मेमो आला, निष्काळजीपणा. खाली लिहिलं होतं, खुलासा असल्यास द्यावा. मी लिहिलं, चूक मी केली, मी सांगितली म्हणून आपल्याला कळली, आता ज्यांनी झाकली त्यांचाही खुलासा मागवावा. नाही मागवला. साहेबांना बढती मिळाली.

आता गुडघे गेलेत, डोळ्यांनी अंधुक दिसतं. बायको म्हणते, सोडा हो, उगाच बीपी वाढवता. कसं सोडू? पाण्याखाली जाणाऱ्या सगळ्या पोरांना अल्ला सुखरूप वर आणो. साहेबांनाही उदंड आयुष्य देवो, मनापासून म्हणतो. एवढं तरी जगू दे त्यांना की एक दिवस लाज वाटेल.