सासऱ्यांची बाटली आणि माझं नाक

नाही, पण मला एक सांगा, माणसानं व्हिस्की प्यायची असते की तिची मुलाखत घ्यायची असते? "कुठून आलात? कुठल्या पिंपात वाढलात? लहानपणी धूरबिर लागला होता का?"... अरे, घे ना एक घोट आणि हो मोकळा! पण नाही. आमच्या साडूंना ते चालत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, बँकेत मोठा साहेब, आणि कुठलंसं शिबिर करून आल्यापासून सिंगल माल्टचे जाणकार. तुम्हाला सांगतो, जाणकार माणूस घरात नसावा हो. शेजारी असावा, दार तरी लावून घेता येतं.

"सिंगल माल्ट म्हणजे काय, माहितीय?" हे ते मला दर भेटीत विचारतात, आणि मी "हो" म्हणायच्या आत सांगायला लागतात. एकाच भट्टीची, नुसत्या मोड आणलेल्या सातूची, स्कॉटलंडात वर्षानुवर्षं पिंपात मुरलेली वगैरे वगैरे. मग ग्लास तिरका धरायचा, उजेडात बघायचा, गोल फिरवायचा, आत नाक घालायचं, तोंड अर्धवट उघडं ठेवायचं, बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसासारखं, आणि डोळे मिटून म्हणायचं, "अहाहा... मध... जुनं चामडं... ओलं लाकूड..." आता ओलं लाकूड ही काय प्यायची गोष्ट आहे? आमच्या न्हाणीघराच्या दाराला आहे, मी कधी चाटून बघितलं नाही!

आणि वासाचं मला सांगतात? मला? माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे महाराज! कोट नुसता हातात घेतला की सांगतो, साहेब लग्नाला गेले होते की मयताला. एकदा एका बाईंनी साडी आणली, म्हणाल्या, "सरबत सांडलंय." म्हटलं, "ताई, सरबत नाही, खोकल्याचं औषध आहे." बाई पावती घेऊन चालत्या झाल्या! तुम्हाला सांगतो, बाकी काय वाट्टेल ते चुकेल, माझं नाक चुकत नाही.

तर झालं काय, आमचे सासरे. जहाजावर मुख्य इंजिनीअर होते. साऱ्या बंदरांवर उतरलेला माणूस, पण बोलणं मोजकं. त्यांच्या कपाटात एक बाटली आहे, माझ्या लग्नाच्याही आधीची. त्यांच्या कप्तानानं शेवटच्या सफरीला दिलेली. न उघडलेली! "चांगला दिवस आला की उघडू," म्हणत राहिले, आणि चांगल्या दिवसाच्या आधी डॉक्टर आला. "आजोबा, आता थेंबसुद्धा नाही." का? हृदय. संपलं. त्या दिवसापासून म्हातारा संध्याकाळी कपाट उघडतो, बाटलीकडे बघतो, कपाट लावतो. मला खरंच वाईट वाटायचं हो.

मग एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं, "दोन्ही जावयांनी ऐका. तीन ग्लास भरतो. तीन वेगळ्या माल्ट. नुसत्या वासावर ज्याला ओळखता येतील, बाटली त्याची. पण त्यानं ती इथंच उघडायची, आणि मला नुसता वास द्यायचा. वासाला डॉक्टरची हरकत नाही, मी विचारून आलोय."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या बाटलीत? बाटली गेली खड्ड्यात! अहो, त्या घरात इतकी वर्षं काहीही विचारायचं झालं की थोरल्यांना विचारतात. जागा घ्यायची, थोरल्यांना विचारा. गाडी घ्यायची, थोरल्यांना विचारा. आणि मला काय विचारतात? "धाकटे, हा डाग निघेल का?" एकदा, फक्त एकदा, त्या माणसानं माझ्याकडे बघून "वा!" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. बायको कानात म्हणाली, "अहो, उगीच फुशारकी मारू नका, तोंडावर पडाल." म्हटलं, काळजी करू नकोस. माझं नाक चुकत नाही.

साडू स्वतःचे ग्लास घेऊन आले होते. मऊ कापूस भरलेली पेटी, तिच्यात पोटाला फुगीर, तोंडाला निमुळते ग्लास. "साध्या ग्लासात वास पळून जातो," म्हणे. हे सांगताना ग्लासाला दहाही बोटं लावली! काचेवर ठसेच ठसे! आता माझा धंदाच डाग काढायचा, माझे हात शिवशिवायला लागले. खिशात दुकानातला मऊ फडका असतोच माझ्या, लोकरीच्या कपड्यांच्या खणातला. काढला, आणि तिन्ही ग्लास आतून-बाहेरून असे लख्ख पुसले, असे पुसले, की साडूसुद्धा म्हणाले, "छान." म्हटलं बघा, सुरुवातच आपल्या बाजूनं झाली.

सासरे ग्लास घेऊन स्वयंपाकघरात गेले, भरून आणले. रंगावरून ओळखू नये म्हणून आमच्या डोळ्यांवर विमानात देतात तसल्या पट्ट्या. त्यासुद्धा साडूंच्याच! निकालाआधी परीक्षकानं हुंगायचं नाही, असा सासऱ्यांनी स्वतःलाच नियम घातलेला. दोन मोठी माणसं पट्ट्या बांधून जेवणाच्या टेबलाशी बसलीत, आणि समोर आमच्या बायका तोंडाला पदर लावून हसतायत.

पहिला मान थोरल्यांचा. असतोच! पहिला ग्लास. सूं... सूं... "मध आहे. रानफुलं आहेत. आणि मागे... मागे आजीचं कपाट आहे." दुसरा ग्लास. "शेरी वाइनच्या पिंपातली! सुके अंजीर... आणि... पुन्हा कपाट. पण हे कपाट सागवानी." तिसरा. "धूर... समुद्र... इस्पितळ... आणि इस्पितळात एक कपाट." मी मनात म्हटलं, हा माणूस व्हिस्की पितोय की फर्निचर विकतोय?

मग माझी पाळी. पहिला ग्लास नाकाशी नेला, आणि तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! ओळखीचा वास! असा ओळखीचा, असा घरचा, की नाव नुसतं जिभेवर नाचतंय! आता साडूंनीच मला कधीतरी शिकवलं होतं, तिकडे एका बेटावर दलदलीतली माती जाळून त्या धुरावर सातू सुकवतात, म्हणून त्या व्हिस्कीला औषधासारखा, डांबरासारखा वास येतो. म्हटलं, सापडली! दुसरा ग्लास उचलला... तोच वास. तिसरा... तोच! पुन्हा तिन्ही हुंगून बघितले, फरक नाही. म्हटलं, हाच म्हाताऱ्याचा डाव! आपल्याला गोंधळात पाडायला एकच तीनदा भरलीय. पट्टी काढली, छाती पुढे काढली आणि ठणकावून सांगितलं, "बाबा, तीन वेगळ्या-बिगळ्या काही नाहीत. तिन्ही ग्लासांत एकच वास आहे. बेटावरची. आणि माझं नाक चुकत नाही!"

साडू असे हसले, असे हसले! "अहो, ही चढत्या उन्हासारखी पिवळी, ही विटकरी, रंग तरी बघा आता!" बायकोनं कपाळाला हात लावला. सासऱ्यांनी पहिला ग्लास उचलला, हुंगला. ठेवला. दुसरा हुंगला. तिसरा हुंगला. मग सावकाश अंगातल्या स्वेटरची बाही वर केली आणि ती हुंगली. तोच स्वेटर, दोनच दिवसांपूर्वी माझ्या दुकानातून धुऊन आलेला.

"धाकटे," म्हणाले, "तो फडका बघू."

मी दिला. त्यांनी हुंगला. "डांबराच्या गोळ्या," म्हणाले आणि फडका माझ्या हातात परत ठेवला. "तिन्ही ग्लासांत माझा स्वेटर आहे."

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण म्हातारा गालात हसायला लागला. साडूंकडे वळून म्हणाला, "थोरले, तुम्ही गोळ्यांत मध, अंजीर आणि समुद्र शोधलात. हे म्हणाले, तिन्हींत एकच वास आहे. आहेच. जे नाकाला आलं ते यांनी सांगितलं." आणि माझ्याकडे बघून... अहो, खरंच सांगतो, डोळ्यांत बघून म्हणाले, "वा!"

बाटली माझ्या हातात! मला भरून आलं हो, खोटं कशाला बोलू? ग्लास तर बाद झाले होते, म्हणून बायकोनं चहाचे कप आणले. मी बूच काढलं. सासऱ्यांनी आपला कप दोन्ही हातांत घट्ट धरला, "माझ्या कपाला हात लावायचा नाही" म्हणाले, मी दोन बोटं ओतली, आणि त्यांनी डोळे मिटून तो नाकाशी धरला. किती वेळ! मग हळूच म्हणाले, "कप्तान दार उघडून आत आला की असाच वास यायचा." साडूंनी पहिल्यांदाच कसलं पिंप ते विचारलं नाही.

मग सगळे म्हणाले, "घ्या, घ्या, पहिला घोट जिंकणाऱ्याचा!" मीही ऐटीत कप उचलला, ओतून घेतलं, डोळे मिटले, आयुष्यात मिळालेली सगळ्यात भारी व्हिस्की, एक मोठा घोट घेतला... आणि घशाखाली उतरता उतरता लक्षात आलं, की ओतायच्या आधी कपाच्या काठावर चहाचा डाग दिसला होता. आणि मी तो त्याच फडक्यानं पुसला होता.

"कशी आहे?" सगळे विचारतायत. काय सांगू? नाक तर माझं चुकत नाही. रविवार असून कामावर गेल्यासारखं वाटलं!