शेजारच्यानं द्यायचं उत्तर

...नाही, पण मी म्हणतो, घरात एवढी माणसं असताना मलाच का पाठवायचं? तुम्हाला सांगतो, मी साधा शिंपी, चार इयत्ता शिकलेला, कुणाला मोठ्यानं बोललो तर मलाच दोन दिवस जेवण जात नाही, आणि ही सांगते काय, तर "अहो, माझ्या मामांकडून मोटारीची किल्ली काढून आणा. किल्लीशिवाय घरी येऊ नका." आता मामा म्हणजे कोण? लढाईत विमान चालवलेला माणूस, वय नव्वद, मागच्या महिन्यात पाव आणायला म्हणून गेले आणि मोटार थेट बेकरीच्या भिंतीवर. विचारलं तर म्हणाले, "उतरताना वारा आडवा होता."

अशा माणसाकडे किल्ली मागायची कशी? मी फाटकातूनच म्हटलं, "मामा, जरा बोलायचं होतं." तर म्हणाले, "बोलणं वर गेल्यावर. बसा जावईबापू, आज तुम्ही सहवैमानिक." बसलो अंगणातल्या मोटारीत. हातात एक झिजलेला पुठ्ठा दिला, त्यावर विमान उडवण्याआधीच्या तपासणीची यादी. मी एकेक वाचायचं, त्यांनी बघून "ठीक" म्हणायचं, आणि मी अडखळलो की पुन्हा पहिल्यापासून. "चाकं?" दर वेळी खाली उतरून चारही चाकांना लाथ. "ठीक." "तेल?" "ठीक." "शेपूट?" मी म्हटलं, "मामा, मोटारीला शेपूट कुठलं?" "मधे बोलायचं नाही. पहिल्यापासून."

किल्लीशिवाय येऊ नका म्हणे. सांगायला काय जातंय...

पाचव्या खेपेला कसाबसा शेवटच्या ओळीवर आलो. वाचलं, "वैमानिक?" मामांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. पुन्हा वाचलं. तेव्हा म्हणाले, "हे उत्तर वैमानिकानं द्यायचं नसतं. शेजारच्यानं द्यायचं. नीट बघून."

मी बघितलं. स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते, सुईत दोरा ओवताना माझे थरथरतात तसे, पण जास्त. डोळे समोरच्या फाटकाकडे, पण ते फाटक त्यांना दिसत होतं का, देव जाणे. "ठीक" म्हणालो असतो तर दोघांनाही बरं वाटलं असतं हो. पण म्हटलं, हळूच... "नाही, मामा."

वाटलं, आता उतरवतात मला. छे. किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "उड्डाण रद्द," म्हणाले. मग मोटारीतून उतरता उतरता, "परवा बेकरीला जाताना शेजारी कुणीच नव्हतं. तिथं चुकलं."

किल्ली मिळाली, ही खूश, सगळं घर खूश. पण मामांचा नियम असा, की विमान उडो न उडो, तपासणी रोज सकाळी सहाला, आणि किल्ली ज्याच्याकडे, हजेरी त्याची. तीन आठवडे झाले, रोज जातो, पुठ्ठा वाचतो, शेवटी "नाही, मामा" म्हणतो आणि किल्ली घेऊन परत येतो. काल हिला विचारलं, हे चालायचं तरी किती दिवस? तर भाजी निवडता निवडता म्हणते कशी, "मला काय विचारता? किल्ली तुम्ही आणलीत."